इलेक्ट्रिक डिटोनेटरवरची बंदी: विहिरी आणि दगडखाणींचे काय?

कातळरेघ: १ एप्रिल २०२५ पासून इलेक्ट्रिक डिटोनेटर (स्फोटकाची कांडी उडवणारी, विजेच्या तारेने पेटणारी छोटी नळी) बनवणे, बाळगणे आणि आयात करणे बंद झाले. स्फोटक अधिनियम १८८४ खाली केंद्राने काढलेला हा आदेश मला योग्य वाटतो. इमल्शन किंवा स्लरी या स्फोटकांची कांडी सहजी फुटत नाही. (लोक तिला अजून जिलेटिनच म्हणतात, पण नायट्रोग्लिसरीनचा माल २००४ मध्येच बंद झाला.) फुटते ती डिटोनेटरमुळे, कारण त्यातले प्राथमिक स्फोटक अगदी नाजूक असते. म्हणून चोरीला आळा घालायचा तर डिटोनेटरवरच नजर हवी. त्यात इलेक्ट्रिक प्रकार पावसाळ्यात घातक. आकाशातली वीज, जवळची उच्चदाब वाहिनी, वायरलेस संच, यांपैकी कशानेही माणसे बाजूला होण्याआधीच बार उडू शकतो.

बारवाला: पावसाळ्याचे मान्य. पण त्याऐवजी वापरायच्या नॉनेलमध्ये (विजेऐवजी पोकळ नळीतून धक्कालहर नेऊन उडणारा डिटोनेटर) जोडणी तपासायची कशी? इलेक्ट्रिकचे सर्किट ओहममीटरवर मोजले की एक जोड सुटला तरी लगेच कळायचे. नॉनेलची नळी चिरली, आत पाणी शिरले किंवा क्लिप नीट बसली नाही, तर डोळ्यांनी दिसेल तेवढेच. मग फुसका राहिलेला बार भोकात भरलेलाच राहतो आणि पुढच्या पाळीला ड्रिल त्यावर जाते. विहीर खोदताना तर गाळ, पाणी, अंधार. इलेक्ट्रॉनिक (चिप असलेला) डिटोनेटर उडवण्याआधी एकेक तपासता येतो, खरे आहे, पण ट्रॅक्टरवर यंत्र घेऊन विहिरींचे बार लावणाऱ्याला तो आणि त्याचे यंत्र परवडत नाही.

कातळरेघ: फुसक्या बारांचे मोठे कारण भरण्यातली घाई. भोकाचे तोंड टोकदार खडीने बुजवले की नळी कापली जाते. ड्रिलचा चुरा किंवा ओलसर माती वापरा, ठासायला लाकडी दांडाच घ्या, लोखंडी पहार कधीच नको. बार राहिलाच तर खाणींच्या नियमावलीप्रमाणे ३० मिनिटे थांबायचे, भोक उकरायचे नाही, निदान ३० सेंटिमीटर अंतरावर समांतर भोक पाडून तो उडवायचा. विहिरींवर हे कोण पाळते?

गावकुसाबाहेर: खडी क्रशरशेजारी राहणाऱ्यांना कॅप (म्हणजे डिटोनेटर) कोणती याच्याशी देणेघेणे नाही, घराला तडे जातात याच्याशी आहे. साध्या घरांसाठी खाणसुरक्षा महासंचालनालयाची मर्यादा कंपनाच्या वारंवारितेवर ठरते: ८ हर्ट्झच्या खाली सेकंदाला ५ मिलिमीटर, २५ पर्यंत १०, त्यापुढे १५. हे साधते ते एका क्षणी किती किलो फुटते यावर, म्हणजे भोकाभोकांतल्या विलंबावर. नॉनेलमध्ये तो नीट लावता येतो, म्हणून बदल चांगलाच.

बारवाला: विलंबाचे इलेक्ट्रिक डिटोनेटरही होतेच की! माझा आक्षेप वेगळा आहे. माल फुटतो तो नंतर, आधी तो चोरवाटेने बाहेर जातो. परवानाधारक शॉटफायरर (बार उडवणारा) कागदावर, प्रत्यक्ष बार लावणारा दुसराच. मॅगझिनच्या (स्फोटकांच्या कोठाराच्या) नोंदवहीत वापरलेल्या दाखवलेल्या कांड्या आणि पाडलेली भोके जुळवून पाहायला कोणी जात नाही. स्फोटकांत वापरल्या जाणाऱ्या अमोनियम नायट्रेटचे नियम २०१२ चे, पण ते कडक केले २०२१ मध्ये, बैरूतला त्याचाच २,७५० टन साठा फुटल्यावर.

कातळरेघ: नोंदवहीबद्दल पूर्ण सहमत. पेसोच्या (पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटना) नागपूर मुख्यालयाने भोकांची संख्या, खोली आणि परत केलेला माल रोजच्या रोज, शॉटफायररच्या सहीने मागावा. न वापरलेल्या कॅप त्याच संध्याकाळी मॅगझिनमध्ये, कांड्यांपासून वेगळ्या.

बारवाला: आणि विहिरीवर मॅगझिनच नसते, तिथे परतीची गाडी कोणाची आणि भाडे कोण देणार, तेही त्यात लिहा.