छायाप्रकाशाचा सराव: शेडिंग केलं की चित्र मळकट दिसतं, उठाव येत नाही

कोरा_कागद

दिवाळी अंकातल्या कथाचित्रांसाठी पेन्सिलीत काळं-पांढरं काम करायचं आहे, म्हणून वस्तू मांडून छायाप्रकाशाचा सराव चालू आहे. ए-४ कार्ट्रिज कागद, एचबी आणि २बी पेन्सिल. मांडणीत मातीचा माठ, पितळी तांब्या आणि दोन कांदे. खोलीत ट्यूबलाइट, शिवाय बाजूने टेबललॅम्प. रेखाटन जमतं, प्रमाण चुकत नाही. पण शेडिंग केलं की सगळं एकसारखं राखाडी होतं. तांब्या तर धुरकट काचेचा वाटतो. किती छटांवर काम करावं आणि सराव कुठल्या क्रमाने करावा?

तिरपा_उजेड

आधी ट्यूबलाइट बंद करा. अर्धा मळकटपणा तिथूनच येतोय. दोन दिवे असले की दोन पडछाया (वस्तूची टेबलावर पडणारी सावली) पडतात, एकाची सावली दुसरा उजळतो आणि प्रत्येक वस्तूवर उजेड कुठे संपतो ती सीमाच पुसट होते. जी सीमा डोळ्याला दिसत नाही ती हाताने काढता येत नाही.

लॅम्प एकच, डाव्या बाजूला, वस्तूंपेक्षा वर, साधारण ४५ अंशांत. अंतर ६०-७० सेंमी. लॅम्प अगदी जवळ, २०-२५ सेंमीवर ठेवला तर पुढची वस्तू लख्ख आणि मागची अंधारात जाते, कारण अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. उजेड मांडणीवर पडावा, कागदावर थेट नको.

तांब्या पहिले काही आठवडे कपाटात. चकचकीत धातूवर छायाप्रकाश कमी आणि आजूबाजूच्या खोलीचं प्रतिबिंब जास्त दिसतं. तो वेगळाच अभ्यास आहे. त्याऐवजी एक उकडलेलं अंडं आणि पांढरा कागद चिकटवलेली काडेपेटी घ्या. काडेपेटीच्या तीन बाजू म्हणजे तीन सपाट छटा, अंड्यावर त्याच छटा एकमेकींत विरघळतात. पेटी नीट जमल्याशिवाय अंडं जमत नाही.

छटा पाचच. २.५ सेंमीचे पाच चौकोन आखा. पहिला कोरा कागद, पाचवा ६बीने जमेल तेवढा काळा. मग तिसरा भरा, शेवटी दुसरा आणि चौथा. डावीकडून उजवीकडे क्रमाने भरत गेलात तर तिसऱ्यापर्यंतच पेन्सिलीचा दम संपतो आणि चौथा-पाचवा सारखे होतात. पट्टी तयार झाली की डोळे किलकिले करून बघा: चौकोनांमधल्या चारही सीमा सारख्याच ठळक दिसायला हव्यात. एखादी आधी नाहीशी झाली तर तिथल्या दोन छटा फार जवळ आल्यात.

त्यानंतर थेट मोठं चित्र नको. ६×८ सेंमीच्या चौकटीत तीच मांडणी, २० मिनिटांत. सुरुवातीला दोनच छटा: उजेडातलं सगळं कोरं, सावलीतलं सगळं सपाट चौथी छटा. अंगावरची सावली आणि पडछाया जिथे एकमेकींना भिडतात तिथे मध्ये रेघ ओढू नका, एकच आकार भरा. एवढ्यावर वस्तू ओळखू आली तरच पुढे जा. मग सावलीत पाचवी छटा फक्त वस्तू टेबलाला टेकते तिथे, आणि उजेडात दुसरी-तिसरी. चकाकी सर्वांत शेवटी, तीही राखून ठेवलेला कागद म्हणून.

शाईदौत

पेन्सिलीबद्दल थोडं. एचबीवर कितीही जोर दिला तरी खरा काळा येत नाही. ग्रॅफाइट दाबून गुळगुळीत होतं आणि चमकायला लागतं. मग कोनातून बघितलं की सर्वांत गडद जागाच उजळ दिसते. रेखाटनाला एचबी, मधल्या छटांना २बी, गडदला ४बी-६बी. चौथी छटा हलक्या हाताने दोन-तीन थरांत, प्रत्येक थराची दिशा थोडी बदलून. कागदाच्या खाचा पहिल्याच थरात दाबून भरल्या तर पुढचा थर धरतच नाही.

बोटाने घासणं पूर्ण बंद. बोटाचं तेल कागदाला लागतं, डाग पडतात आणि ते खोडरबरानेही नीट जात नाहीत. वर घासल्याने उजेडाची बाजू हलकी मळते आणि सावली हलकी उजळते, म्हणजे दोन्ही मधल्या राखाडीकडे सरकतात. तुमचं "सगळं एकसारखं राखाडी" बहुधा हेच आहे. हाताखाली कोरा कागद ठेवा. उजेड काढून घ्यायला कणकेसारखा मळता येणारा खोडरबर घ्या आणि टिपा, घासू नका.

तिरपा_उजेड

आणखी एक चूक सर्रास दिसते: सावलीतला परावर्तित प्रकाश. टेबलावरून उसळून अंड्याच्या खालच्या कडेला येणारा मंद उजेड दिसला की तो कौतुकाने इतका उजळ काढतात की अंडं पत्र्याचं वाटतं. तो सावलीच्या कुटुंबातला आहे, उजेडातल्या मधल्या छटेपेक्षा गडदच ठेवा.

रेघोट्या

हा नियम सरावासाठी चांगला, पण निसर्गाचा नियम म्हणून सांगू नये. पांढऱ्या कागदावर ठेवलेल्या पांढऱ्या अंड्याला खालून भरपूर उजेड मिळतो. उलट उजेड-सावलीच्या सीमेजवळ दिव्याचे किरण पृष्ठभागाला जवळपास चाटून जातात, त्यामुळे तिथली मधली छटा अगदी मंद असते. प्रत्यक्षात परावर्तित प्रकाश तिच्याइतका किंवा तिच्याहून उजळही असू शकतो. अंड्याखाली काळा कागद सरकवा, तो उजेड तिथल्या तिथे गायब होतो. हा प्रयोग प्रत्येकाने एकदा करून पाहावा.

तिरपा_उजेड

मान्य. पण दिव्याखालच्या मांडणीत उजेड-सावलीचा जेवढा फरक असतो तेवढा कागद आणि ग्रॅफाइटमध्ये नसतोच. कुठेतरी आवळावं लागतं. सावलीच्या आतले फरक आवळले तर आकार टिकतो, उजेड आणि सावलीमधला फरक आवळला तर आकारच जातो. म्हणून नियम ठेवलाय.

पिक्सेलवाला

संगणकावर रंगीत चित्राच्या छटा तपासणाऱ्यांसाठी: सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) शून्य करून बघू नका. त्या हिशेबात शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा एकाच राखाडीत येतात, डोळ्याला मात्र पिवळा जवळपास पांढरा आणि निळा जवळपास काळा. फोटोशॉपमध्ये सर्वांत वर काळ्याने भरलेला थर ठेवून त्याचा ब्लेंड मोड "कलर" करा. क्रिटा या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये डिसॅच्युरेट फिल्टरमध्ये "लाइटनेस" ऐवजी "ल्युमिनॉसिटी" निवडा.

मोबाइलने मांडणीचा फोटो काढून त्यावरून छटा ठरवत असाल तर एक्स्पोजर (कॅमेरा किती उजेड घेतो ते) लॉक करा. कॅमेरा सगळं सरासरी राखाडीकडे ओढतो. पांढऱ्या कापडावरचं अंडं करडं येतं, काळ्या कापडावरचं भगभगीत.

शाईदौत

आणि दिवाळी अंक म्हणालात म्हणून: छपाईत मधल्या छटा गडद होतात, कारण शाईचा ठिपका कागदावर पसरतो. न्यूजप्रिंटसारख्या शोषक कागदावर ५० टक्क्यांची छटा सहज ७०-७५ टक्क्यांसारखी दिसते, आर्टपेपरवर फरक कमी. त्यामुळे चौथी आणि पाचवी छापून एकच होतात. कागद कुठला ते संपादकांना आधी विचारा. साधा कागद असेल तर स्कॅन ग्रेस्केलमध्ये, छापायच्या आकाराला ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके), आणि तिसरी-चौथी छटा थोडी उजळ करून पाठवा. तुमची पाच चौकोनांची पट्टी त्याच कागदावर एकदा छापून मिळाली तर अंदाजाची गरजच नाही.

कोरा_कागद

दोन छटांचं करून बघितलं, काडेपेटी लगेच उठली. अडचण माठाची. तो मुळातच गडद, मग उजेडातला माठसुद्धा सावलीच्या छटेत जातोय. तो कोरा ठेवला तर पांढऱ्या अंड्याशेजारी खोटा दिसतो.

तिरपा_उजेड

दोन छटांच्या चौकटीत खोटा दिसणारच, तिथे फक्त उजेड कुठे आहे तेवढं नोंदवायचं असतं. पाच छटांवर आलात की प्रत्येक वस्तूला तिची स्वतःची जोडी द्या. अंडं उजेडात १, सावलीत ३. माठ उजेडात ३, सावलीत ५. म्हणजे पांढऱ्या अंड्याची सावली आणि माठाची उजळ बाजू एकाच छटेत येतात. डोळा हे मान्य करत नाही, कारण अंडं "पांढरं" आहे हे त्याला आधीच माहीत असतं. शिवाय माठाच्या गडद सावलीला लागून असलेली त्याची उजळ बाजू आहे त्याहून उजळ भासते.

त्यासाठी करड्या पुठ्ठ्याच्या दोन सारख्या पट्ट्यांना पंचने एकेक भोक पाडा. हात लांब करून, एक डोळा मिटून, एका भोकातून अंड्याची सावली आणि दुसऱ्यातून माठाचा उजेड बघा. कडा दिसत नाहीत, वस्तू ओळखू येत नाही, फक्त दोन ठिपके उरतात. त्यातला कुठला गडद ते ठरवा आणि मगच ६बी उचला.