रि: रि: फराळाची कुपनं – प्रिंटर नवीन लॅपटॉपला ओळख देत नाही

खजिनदार, सोमवार रात्री:
मंडळी, शनिवारची २२० कुपनं छापायची आहेत. प्रिंटर जोडला की टुंग वाजतं, नाव दिसतं, आणि खाली 'ड्रायव्हर इज अनअव्हेलेबल', म्हणजे प्रिंटर चालवायचा प्रोग्रामच नाही म्हणे. साइटवरून ६४-बिटचा ड्रायव्हर उतरवला, तोही अर्ध्यावर मान टाकतो. विंडोज ११ तर ६४-बिटच असतं ना? कुणाला येतंय का हे? (लॅपटॉप का घेतला हा विषय परत नको, कमिटीत झालाय.)

माजी अध्यक्ष:
परत नको कसा? १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे अपडेट बंद होणार म्हणून तुम्ही घाई केलीत. अपडेट बंद म्हणजे लॅपटॉप बंद नव्हे. शिवाय नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात, हे मी इथेच लिहिलं होतं. वाचतो कोण! प्रिंटर माझ्या कारकिर्दीतला आहे. १८ वर्षांत एकदा रोलर बदललाय. त्याला भंगारात काढायची भाषा कुणी करू नये.

फराळ कमिटी (वहिनी):
भंगाराचं कुणी बोललंच नाही, भाऊ. कुपनावर साबुदाणा खिचडी घालायची का एवढं सांगा. एकादशी शनिवारी धरायची की रविवारी, ते आधी ठरवा. मागे उपासाची ताटं मोजली नव्हती आणि मी स्वतः चिवड्यावर भागवलं होतं.

तळघरवाला:
खजिनदार, सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउट. तिथे 'सिस्टीम टाइप'समोर काय लिहिलंय? एआरएम-बेस्ड प्रोसेसर?

खजिनदार:
हो. वाईट आहे का? बॅटरी खूप टिकते म्हणाला दुकानदार.

तळघरवाला:
टिकेल की. पण घोडं तिथेच अडलंय. एआरएम ही इंटेलपेक्षा वेगळ्या जातीची चिप. एआरएमवर इंटेलसाठीचे जुने प्रोग्राम विंडोज दुभाष्यासारखं चालवून घेतं, ड्रायव्हरला मात्र ती सवलत नाही. तो एआरएमसाठीच लिहिलेला लागतो, आणि १८ वर्षांपूर्वीच्या प्रिंटरसाठी आता कोण लिहिणार? तुझा ६४-बिटचा ड्रायव्हर खरा आहे, फक्त दुसऱ्या जातीच्या ६४-बिटचा.
दुसरं दुखणं, हा प्रिंटर होस्ट-बेस्ड. पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट या प्रिंटरच्या भाषा कळत असत्या तर विंडोजमधल्या क्लास ड्रायव्हरवर, म्हणजे सरसकट चालणाऱ्या तयार ड्रायव्हरवर, भागलं असतं. याला काहीच कळत नाही, कॉम्प्युटरने पान ठिपका-ठिपका करून वाढायचं तेव्हा हा जेवणार.
माझ्याकडे रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा कॉम्प्युटर, पडून आहे. प्रिंटर त्याला यूएसबीने लावायचा, वर 'कप्स' हा छपाई सांभाळणारा प्रोग्राम टाकून वायफायवर आयपीपीने (नेटवर्कवरून छापायची ठरलेली पद्धत) शेअर करायचा. विंडोजला तो नवाकोरा नेटवर्क प्रिंटर वाटतो, ड्रायव्हर मागत नाही. पायही एआरएमच, पण लिनक्सवर या जातीच्या प्रिंटरसाठी लोकांनी लिहिलेला खुला ड्रायव्हर आहे, तो पायवर बांधता येतो. यातल्या काही प्रिंटरना दर वेळी चालू केल्यावर फर्मवेअरही (प्रिंटरच्या आतला प्रोग्राम) पाजावं लागतं, त्याची स्क्रिप्ट करतो. प्रिंटर दोन दिवस माझ्याकडे द्या.

माजी अध्यक्ष:
मंडळाची वस्तू कुणाच्या तळघरात जाणार नाही. स्पीकरही असेच 'दोन दिवस' गेले होते.

तळघरवाला:
भाऊ, स्पीकर माझ्याकडे नव्हते. कुणाकडे होते ते तुम्हालाही माहीत आहे.

काका (पुणेकर):
आमच्या वेळी बरं होतं. पॅरलल पोर्टची मनगटाएवढी केबल, कॉम्प्युटरकडे २५ पिना आणि दोन स्क्रू, प्रिंटरकडे ३६ आणि तारेच्या चिमट्या. डॉट मॅट्रिक्स रात्री चालू केला की शेजारी उठायचे, पण छापायचा! त्याला बिचाऱ्याला देवनागरी येत नव्हती, ती आम्ही हाताने लिहायचो.

ग्रंथालय (ताई):
छापायचं ते बघा, पण खजिनदारांनी पाठवलेल्या कुपनाचं काय झालंय? 'चकली' एका ओळीत, 'दोन' खालच्या ओळीत, आणि मंडळाचं नाव चौकटीबाहेर. मांडणी मंगल फॉन्टमध्ये केली होती. नव्या विंडोजमध्ये निर्मला येतो, मंगल वेगळा घ्यावा लागतो. ऑप्शनल फीचर्समध्ये 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' आहे, ते टाका. मूळ फाइल मी केली होती, कुणी बदलली?

खजिनदार:
तारीख बदलली फक्त. ताई, मंगल टाकला, ओळी बसल्या. धन्यवाद. छपाई अजून शून्य.

सचिव:
जुना लॅपटॉप कुठे आहे?

खजिनदार:
मुलगी त्यावर खेळते. हिशेब पुसलेत, काळजी नको.

सचिव:
मग प्रिंटरचा ड्रायव्हर त्यावर असेलच ना! तिला एक तास सुट्टी द्या. वायफाय बंद करा. नव्या लॅपटॉपवर पीडीएफ बनवा, म्हणजे फॉन्ट फाइलमध्येच जातील. पेनड्राइव्हने जुन्यावर न्या आणि छापा. पायचं काम कार्यक्रमानंतर, प्रिंटर हॉलवरच ठेवून.

माजी अध्यक्ष:
जुना लॅपटॉप ठेवा हेच मी पहिल्या मेलात म्हटलं होतं.

खजिनदार, बुधवार:
छापली. २२०. शेवटची चाळीसेक फिकट आलीत, टोनर संपत आलंय. ती कमिटीच्या लोकांना देऊ. मुलगी रुसली आहे. आता कागद कापायचा कटर कुणाकडे आहे?

फराळ कमिटी (वहिनी):
गुढीपाडव्यापासून ताईंकडे. आणि खिचडीचं अजून कुणी बोललेलं नाही.

ग्रंथालय (ताई):
माझ्याकडे नाही. पाडव्यानंतर भाऊ घेऊन गेले होते. दोन दिवसांसाठी.