जॉर्ज कॅडबरी: बॉर्नव्हिलचा दाता आणि साओ टोमेची आठ वर्षं

वाटसरू:
आपल्याकडे कुठल्याही चॉकलेटला कॅडबरीच म्हणतात, पण जॉर्ज कॅडबरींबद्दल (१८३९–१९२२) फारसं बोललं जात नाही. क्वेकर ख्रिस्ती पंथाच्या या माणसाने १८६१ मध्ये भाऊ रिचर्डसोबत वडिलांचा डबघाईला आलेला धंदा हाती घेतला. कोकोच्या दाण्यात निम्म्याच्या आसपास चरबी असते. पेयावर तवंग येऊ नये म्हणून तेव्हाचे उत्पादक बटाट्याचं किंवा साबुदाण्याचं पीठ मिसळत. जॉर्जनी हॉलंडहून व्हान हाउटेनचं दाबयंत्र आणलं, चरबी पिळून काढली आणि १८६६ मध्ये निव्वळ कोको पूड बाजारात आणली. १९०० मध्ये कारखान्याशेजारी वसवलेल्या बॉर्नव्हिल गावाची ३३० एकर जमीन आणि ३१३ घरं ट्रस्टला देऊन टाकली.

हे सगळं मान्य. पण १९०१ ला पुतण्या विल्यमच्या कानावर आलं की पश्चिम आफ्रिकेजवळच्या, पोर्तुगीजांच्या साओ टोमे बेटावर कोको पिकवणारे मजूर प्रत्यक्षात गुलाम आहेत. खरेदी थांबली मार्च १९०९ ला. ही आठ वर्षं मला माफ करता येत नाहीत.

ताळेबंद:
असहमत. १९०१ ला हाती काय होतं? ऐकीव माहिती आणि मळ्याच्या विक्रीचा एक कागद, ज्यात मजूर मालमत्तेत धरले होते. कागदोपत्री ते पाच वर्षांच्या करारावरचे अंगोलातले मजूर. कोणी परत जातं का, हे तिथे जाऊनच कळणार होतं. म्हणून कंपनीने चौकशीसाठी निवडलेल्या जोसेफ बर्टना आधी पोर्तुगीज शिकायला लावलं, १९०५ ला रवाना केलं, १९०७ ला अहवाल आला. पुराव्याविना माल बंद केला असता तर दुसऱ्या कोणी तो उचलला असता आणि मळेवाल्यांवरचा दाबच संपला असता.

उलटतपासणी:
हेन्री नेव्हिन्सन यांनी १९०४-०५ मध्ये अंगोला आणि ती बेटं फिरून सगळं छापलं. एक पत्रकार पोचतो, आणि एवढ्या मोठ्या कंपनीला माणूस धाडायला चार वर्षं लागतात? शिवाय जॉर्ज यांच्याच मालकीचं वर्तमानपत्र 'डेली न्यूज' तेव्हा दक्षिण आफ्रिकेतल्या चिनी खाणमजुरांच्या हालांवर सरकारला झोडपत होतं. 'स्टँडर्ड' या दुसऱ्या वर्तमानपत्राने १९०८ मध्ये हीच विसंगती दाखवली. कॅडबरींनी अब्रुनुकसानीचा दावा लावला, जिंकला, आणि ज्यूरीने भरपाई दिली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. खर्च मिळाला, पण ज्यूरीला काय वाटलं ते त्या रकमेत आहे.

आंबवण:
कोको कसा तयार होतो तेही बघा. फळ फोडून गरासकट दाणे केळीच्या पानांखाली किंवा पेट्यांत पाच-सहा दिवस आंबवतात, मधे वरखाली करतात. ढीग ४५ अंशांच्या वर तापला पाहिजे. आंबवण कमी पडली की दाणा आतून राखाडी राहतो आणि कडू, तुरट लागतो. कितीही भाजा, चॉकलेटची चव येत नाही. पुढे उन्हात नीट वाळला नाही की बुरशी. गोल्ड कोस्टचा (आजच्या घानाचा) माल तेव्हा नेमका इथेच मार खायचा. तिथे स्वतःच्या जमिनीवर पिकवणारे छोटे शेतकरी होते. कॅडबरींनी तिथे खरेदीची व्यवस्था उभारली, नीट आंबवलेल्या मालाला जास्त भाव दिला. १९११ पर्यंत गोल्ड कोस्ट कोको निर्यातीत जगात पहिला आला. पर्यायी पुरवठा एका हंगामात उभा राहत नाही.

वाटसरू:
आंबवणीचा मुद्दा पटला, पण तो तुमच्या बाजूने जात नाही. चांगला भाव देऊन गोल्ड कोस्टचा माल सुधारता येतो, तर ते काम १९०२ लाच सुरू करता आलं असतं. त्यासाठी बर्टच्या अहवालाची गरज नव्हती.

ताळेबंद:
१९०२ ला गोल्ड कोस्टची निर्यात बाल्यावस्थेत होती. बॉर्नव्हिलचा कारखाना तेवढ्यावर चालला नसता.

उलटतपासणी:
मग उत्पादन कमी करायचं. बॉर्नव्हिलमध्ये घराने प्लॉटचा चौथा हिस्साच व्यापायचा, उरलेली जागा बागेला, असा नियम याच माणसाने केला. दारूचा गुत्ता गावात येऊ दिला नाही. तिथे तत्त्वासाठी उत्पन्न सोडलं. अंगोलातल्या माणसांसाठी तसं का नाही?