मदत हवी आहे: धाकट्या भावाचं गोळ्यांचं व्यसन

नमस्कार मंडळी. भावाला अपघातानंतर ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळी लिहून दिली होती. हाड कधीच जुळलं, गोळ्या मात्र सुटल्या नाहीत. हे औषध अफूवर्गीय आहे, हे आम्हाला फार उशिरा कळलं. चिठ्ठीवरचं औषध म्हणून कुणी शंकाच घेतली नाही.

बाबांनी एकदा सगळ्या गोळ्या फेकून दिल्या. दुसऱ्या दिवशी घाम, जुलाब, पाय ओढल्यासारखे दुखणं, झोप नाही. चौथ्या दिवशी तो कुठूनतरी गोळ्या घेऊन आला. आता बाबा म्हणतात, खोलीत कोंडा, आपोआप सुटेल. मला ते पटत नाही. काही दिवस बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती कमी होते आणि जुनाच डोस घेतला तर श्वास थांबू शकतो, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. शिवाय ट्रॅमाडॉलने झटकेही (फिट) येऊ शकतात. तो वर झोपेच्या गोळ्या घेतो की काय, ही वेगळीच धास्ती.

डॉक्टर ब्युप्रेनॉर्फिन सुचवतायत, म्हणजे व्यसन सोडवण्यासाठी देखरेखीखाली दिलं जाणारं, तेही अफूवर्गीयच औषध. घरचे म्हणतात, एक नशा सोडून दुसरी कशाला? ज्यांच्या घरी हा उपचार झालाय, त्यांनी सांगा: माणूस कामाला लागला का? किती महिने चालला? नॅलोक्सोन (अशा गोळ्यांचा डोस जास्त झाल्यास द्यायचा उतारा) घरात ठेवलं होतं का? आणि मुख्य म्हणजे, भाऊ ‘मला काही झालेलं नाही’ म्हणून विषयच तोडतो. भांडण न होता बोलायला सुरुवात कशी केलीत?