वाड्यातल्या पेटीतले जुने कागद : वाटून घ्यायचे, जाळायचे की एकत्र ठेवायचे?

धाकटी_सून (ता. लाखांदूर, जि. भंडारा)

नमस्कार मंडळी. आमच्या सासरचा मालगुजारी वाडा (मालगुजार म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा जमीनदार) दिवाळीनंतर पाडायचं घरात ठरलं आहे. कवेलूतून पाणी मुरून माडीची भिंत बसली आणि दुरुस्तीचा खर्च कोणालाच झेपणारा नाही. सामान उतरवताना माडीवर एक सागवानी पेटी निघाली. आत लाल कापडात बांधलेले बस्ते आणि प्रत्येक बस्त्याला सुतळीनं बांधलेली चिठ्ठी : ‘तलाव’, ‘कुळे’, ‘दिवाणी’, ‘वाटणी’. एका चिठ्ठीवर फक्त ‘वहिनी’.

मला मोडी येत नाही. बाळबोध आणि थोडं इंग्रजी वाचता आलं ते सांगते. स्टँपावरची गहाणखतं आहेत. लगानाच्या पावत्या आहेत. तलावाच्या पाळीवर कोणाच्या घरचे किती गडी आले याची यादी आहे. सोळा आणे मालगुजारी भावाभावांत आठ आणे, चार आणे, दोन आणे अशी कशी फुटत गेली आणि लंबरदार, म्हणजे सगळ्यांच्या वतीनं सारा भरणारा हिस्सेदार, कोण राहिला, याचे कागद आहेत. ‘वहिनी’च्या बस्त्यात लहानपणीच विधवा झालेल्या एका सुनेनं दिरांवर लावलेला अन्नवस्त्राचा दावा आहे. वर्षाला किती खंडी धान, किती लुगडी, राहायला कोणती खोली, हे सगळं तिनं मागितलं आहे. तिचा घरात फोटो नाही, आणि सासूबाईंनाही तिच्याबद्दल काही माहीत नव्हतं.

आता घरातली मतं. मोठे काका म्हणतात, रजिस्ट्रीचे आणि सातबाऱ्याचे कागद ठेवा, बाकीचे निकाल लागलेले दावे चुलीत घाला. चुलत दीर म्हणतात, ज्याच्या हिश्शाची जमीन त्याचे कागद त्याला द्या. आणि एक जण जुने स्टँप विकत घ्यायला दोनदा दारात येऊन गेला. यातलं काहीच मला पटत नाही, पण उलट काय सांगावं तेही सुचत नाही. धाकट्या सुनेचं कोण ऐकणार? कोणी जाणकार असेल तर सांगा.

कोरडवाहू (यवतमाळ)

ताई, आमच्याकडे वऱ्हाडात रयतवारी, म्हणजे शेतकरी थेट सरकारला सारा भरे, त्यामुळे मालगुजारीच्या कागदांतलं मला फार कळत नाही. पण आमच्या घरचं वाटणीपत्र घडीवर फाटत होतं म्हणून लॅमिनेशन करून आणलं. आता बरं राहते. स्टँप मात्र विकू नका, त्यावर मजकूर आहे.

वैनगंगाकाठ (पवनी)

धाकटी_सून ताई, सगळ्यात आधी : लॅमिनेशन करू नका. कोरडवाहू दादांनी चांगल्या मनानं सांगितलं, पण उष्णता आणि गोंद दोन्ही कागदात कायमचे बसतात आणि नंतर प्लॅस्टिक काढता येत नाही. सेलोटेपही नको, तो पिवळा पडून शाई ओढतो.

मी वेल्समध्ये ॲबरिस्टविथला अभिलेख सांभाळायचं शिक्षण घेतलं, आता परत येऊन घरची शेती बघते. तुमचं लिहिणं वाचताना मला तिथली एक पेटी आठवत राहिली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ॲबरिस्टविथला टेकडीवर वेल्सचं राष्ट्रीय ग्रंथालय आहे, 1907 साली स्थापन झालेलं. तिथे ग्विदिरच्या विन घराण्याचे कागद आहेत. ग्विदिर हा उत्तर वेल्समध्ये कॉनवी नदीकाठी, लानरूस्त गावाजवळचा वाडा. घराण्यातला सगळ्यात प्रसिद्ध माणूस सर जॉन विन, 1553 ते 1627. जमीनदार, 1611 साली बॅरोनेट हा वंशपरंपरेचा किताब मिळालेला, गावात शाळा आणि म्हाताऱ्यांसाठी धर्मशाळा काढणारा, आणि आयुष्यभर कोर्टकचेरीत असलेला. त्याचे दावे शेजाऱ्यांशी होते, नातलगांशी होते, कुळांशीही होते. ते लडलोच्या कौन्सिलपुढे, म्हणजे वेल्सचा कारभार बघणाऱ्या राजाच्या मंडळापुढे, आणि लंडनच्या कोर्टांत चालत. पोरं लंडनहून दरबारच्या बातम्या कळवत आणि पैसे मागत. एक मुलगा व्यापारासाठी हॅम्बुर्गला होता, तिथून त्याची पत्रं येत. थोरला मुलगा 1614 साली इटलीत लुका इथे वारला. हे सगळं आपल्याला कळतं ते त्या घरानं कागद टाकले नाहीत म्हणून. 1515 ते 1690 या काळातल्या कागदांची तारीखवार सूची ग्रंथालयानं 1926 साली छापली. प्रत्येक कागद कोणी कोणाला लिहिला आणि त्यात काय आहे, हे दोन-चार ओळींत.

आता तुमच्या ‘वाटणी’च्या बस्त्याकडे येते. जुन्या वेल्श कायद्यात बापाची जमीन सगळ्या मुलांत सारखी वाटली जाई आणि ती कायमची विकता येत नसे. म्हणून लोक ती ‘प्रिद’ नावाच्या गहाणावर देत. मुदत चार वर्षांची. फेडलं नाही की पुढची चार वर्षं, मग पुढची चार, असं पिढ्यान्‌पिढ्या चाले. ज्याच्या हातात पैसा तो असे तुकडे गोळा करत जाई. पुढे 1536 आणि 1543 च्या कायद्यांनी इंग्लंडचा कायदा आणि कोर्टाची इंग्रजी भाषा आली, वाटणी बंद होऊन थोरल्याला वारसा मिळू लागला. घरी वेल्श बोलणाऱ्या माणसाचे कज्जे इंग्रजीत आणि दस्त बरेचसे लॅटिनमध्ये. तिथल्या मोठ्या जमिनींमागे अशा लहान लहान तुकड्यांच्या दस्तांची चवड असते ती यामुळे. तुमच्याकडची चार आणे, दोन आण्यांची कागदं त्याच जातीची आहेत. त्यातला एक काढून एका दिराला दिला की उरलेल्यांना अर्थ राहत नाही, कारण गहाण सुटल्याचा कागद एकाकडे आणि गहाण टाकल्याचा दुसऱ्याकडे जाईल.

भाऊबंदकी तर विचारूच नका. सर जॉननं स्वतः घराण्याचा इतिहास लिहून ठेवला, तो पुढे 1770 साली छापून आला. त्यात त्याच्या पणजोबांची, मरेदिदची गोष्ट आहे. सख्खे-चुलत एकमेकांचे जीव घेत होते, म्हणून मरेदिद आपला मुलूख सोडून डोलविदेलानच्या डोंगरात राहायला गेला. तिथे दरोडेखोरांचा सुळसुळाट होता. तरी भाऊबंदांशी लढण्यापेक्षा दरोडेखोरांशी लढलेलं बरं, असं त्याचं म्हणणं. रविवारी चर्चला जाताना तो घराला पहारा ठेवी आणि घर आणि चर्च दोन्ही दिसतील अशा खडकावर एक राखण्या बसवी. पण एक लक्षात घ्या, हा इतिहास सर जॉननं आपलं कूळ ग्विनेदच्या, म्हणजे उत्तर वेल्सच्या, जुन्या राजांपर्यंत नेऊन भिडवण्यासाठी लिहिला. वंशावळी अभिमानानं लिहिलेल्या असतात, आपल्याही. दाव्याच्या कागदात मात्र समोरचा पक्ष असतो आणि तोही बोलतो. काका ज्यांना चुलीत घाला म्हणतात, त्याच कागदांत ज्यांच्या नावावर काही नव्हतं ती माणसं सापडतात.

‘वहिनी’चा बस्ता म्हणूनच मला सगळ्यात मोलाचा वाटतो. विन घराण्यासारख्या घरांत लग्नाआधी मोठा करार होई : मुलीचा बाप किती रक्कम देणार, आणि नवरा आधी गेला तर तिला कोणत्या जमिनीचं उत्पन्न हयातभर मिळणार. ते पाळलं गेलं नाही की विधवा कोर्टात जाई. त्या काळच्या कितीतरी वेल्श बायकांचं म्हणणं आज वाचायला मिळतं ते फक्त अशा दाव्यांतून आणि मृत्युपत्रांतून. मृत्युपत्रं 1858 पर्यंत बिशपच्या कोर्टात दाखल होत. त्यांना जोडलेल्या याद्यांत गुरं, मेंढ्या, पितळी भांडी, अंथरुणं सगळं असतं. ग्रंथालयानं ती इंटरनेटवर फुकट ठेवली आहेत. तुमच्या त्या आजेसासूबाईंनी लुगडी आणि खोली मागितली. तिच्या तोंडचं एवढंच तर उरलं आहे. ते कोणाच्याही हिश्शात टाकू नका.

तलावाची यादीही जपा. सर जॉननं 1625 साली सर ह्यू मिडलटनला, म्हणजे लंडनला पाणी आणणाऱ्या माणसाला, समुद्रकाठचा ट्रेथ मॉर भरून जमीन काढण्यासाठी बोलावलं होतं. तो आला नाही, पण पत्रं राहिली. न झालेल्या कामाचे कागदही लोक अजून वाचतात, आणि तुमच्या पाळीवर तर खरोखर माणसं राबली आहेत.

बांधीवरचा (ता. अर्जुनी मोरगाव)

ताई, मी कुळाच्या घरचा. राग नका मानू, पण बोलतो. आमचा आजा मालगुजाराच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, बेगार करे, नांगर घेऊन जाव लागे, पैसा नाही. हे आमच्या घरी सांगतात, पण आमच्यापाशी एक कागद नाही. आम्हाले लिहिता कोठं येत होतं? तुमच्या ‘कुळे’ बस्त्यात अशा लोकायची नावं असतील. पाळीवर गडी आले म्हणता, थे कोणाचे आजे होते? जाळले तं आमचंही जळते. तुमच्या गावच्या कुळायच्या पोरायले नक्कल भेटली पाहिजे, एवढंच माझं म्हणणं हाये.

धाकटी_सून

बांधीवरचा दादा, राग कसला. यादी पुन्हा काढून बघितली. नावांपुढे ‘बेगार’ असा शेरा खरंच आहे, काहींपुढे ‘मजुरी दिली’. मी ते वाचून पुढे गेले होते. त्यातली दोन आडनावं आजही आमच्या आवारात धान कापायला येतात.

आता मला दोन गोष्टी हव्या आहेत. काकांना पटेल असं कायद्याचं कारण, आणि पाऊस संपेपर्यंत हे ठेवायचं कसं.

रेकॉर्डरूम (निवृत्त, महसूल)

कायद्याचं मी सांगतो, बाई.

मालगुजारी 31 मार्च 1951 ला गेली, 1950 च्या मध्य प्रदेशच्या कायद्यानं. गावठाण, जंगल, तलाव सरकारजमा झाले. सीर आणि खुदकाश्त, म्हणजे मालगुजाराची घरची कसणुकीची, जमीन घरच्याकडे राहिली. आजचा तुमचा सातबारा त्या वेळच्या नोंदींवर उभा आहे. उद्या हद्दीचा किंवा वहिवाटीचा वाद निघाला तर मागचा धागा या पेटीतूनच काढावा लागेल. वाजिब-उल-अर्ज या महसुली नोंदपत्रात गावचे रिवाज असतात. तलावाचं पाणी कोणत्या बांधीला आधी, पाळ कोणी बांधायची, मासे कोणाचे, ते बघा. मामा (माजी मालगुजारी) तलावांवरून आजही गावोगाव तंटे होतात.

दुसरं. तीस वर्षांपेक्षा जुना दस्त जिथे असायला हवा तिथूनच, म्हणजे योग्य ताब्यातून, हजर झाला तर कोर्ट त्यावरची सही आणि अक्षर खरं धरू शकतं. पुरावा कायद्यात हे कलम 90 होतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम 92 आहे. पेटी फोडून कागद चौघांच्या घरी आणि दोन स्टँपवाल्याच्या पिशवीत गेले, तर ताबा कोणाचा म्हणून सांगणार? काकांना हे एवढं वाचून दाखवा. काका मानतील.

वैनगंगाकाठ

रेकॉर्डरूम काकांनी ताब्याचं सांगितलं ते फार महत्त्वाचं. ग्विदिरचं काय झालं तेही घरात सांगा. 1678 साली वारस मुलगी मेरी विनचं लग्न झालं आणि मालमत्ता दुसऱ्या घराण्याकडे गेली. कागदांचा एक भाग पुढे अँगलसीत पॉल पँटन नावाच्या संग्राहकाकडे गेला आणि मग ग्रंथालयात आला. 1921 च्या लिलावात तर जेवणघराची कोरीव लाकडी भिंतच अमेरिकेतल्या हर्स्ट नावाच्या वृत्तपत्रमालकानं विकत घेतली. ती 1996 साली परत आली. लाकूड विकत घेऊन परत लावता आलं, पण एकदा विखुरलेल्या कागदांचा मूळ क्रम असा परत आणता येत नाही.

ठेवायचं असं. बस्ते सोडाल ते एका वेळी एकच, आणि चिठ्ठी त्या बस्त्याबरोबरच राहू द्या. आतला क्रम बदलू नका. तारखेनं लावायचा मोह होईल, तोही आवरा. कोणी तरी विचार करून दाव्याबरोबर पावती ठेवली असेल. ऊन देऊ नका, सावलीत वाऱ्यावर ठेवा, मऊ ब्रशनं धूळ काढा. गंजलेली टाचणी सहज निघाली तर काढा, नाहीतर राहू द्या. मोडी कागदांची शाई काजळीची असेल तर पाण्याचा थेंबही लागू देऊ नका, ती पसरते. मांजरपाट दोनदा धुऊन, खळ काढून, त्यात बांधा. लोखंडी कपाटात, जमिनीपासून उंच आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर. वाळवी आणि कसर यांच्यासाठी वेखंडाची पुरचुंडी कपाटात टांगा, कागदाला टेकू नका.

मग फोटो. प्रत्येक कागदाच्या दोन्ही बाजू, कोरी दिसली तरी मागची बाजूसुद्धा, कारण घडीच्या पाठीवर कारकुनाचा शेरा असतो. मऊ शिसपेन्सिलीनं कोपऱ्यात ‘तलाव 1’, ‘तलाव 2’ असे आकडे. एका वहीत प्रत्येक कागदाची एक ओळ : आकडा, तारीख, कोणी कोणाला, कशाबद्दल, कागद कसा आहे. विन घराण्याची छापील सूची याहून फार वेगळी नाही. मोडीच्या ओळी रिकाम्या सोडा. नागपूरला पुराभिलेख संचालनालयाचं कार्यालय आहे, मोडी वाचणारे कोण ते तिथे विचारा, आणि मूळ कागद तिथे सांभाळायला देता येतील का तेही बोला. फोटोंचा संच मात्र चारही घरांना द्या, म्हणजे दिरांना हिस्सा मिळाला असं होईल.

आणि ‘कुळे’ व ‘तलाव’ यांची एक छापील प्रत ग्रामपंचायतीत ठेवा, काकांची परवानगी घेऊन. बांधीवरचा दादांची मागणी रास्त आहे.

धाकटी_सून

रेकॉर्डरूम काकांचं लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवलं. काकांनी पेटीची किल्ली माझ्याकडे दिली. स्टँपवाल्याला नाही म्हणून कळवलं. सुरुवात ‘वहिनी’पासून करते आहे, आणि ग्रामपंचायतीच्या प्रतीचं वाटणीच्या बैठकीत सगळ्यांसमोर बोलेन. मोडी वाचणारं साकोली-लाखांदूरकडे कोणी असेल तर इथेच सांगा.