गिरगावातील आमच्या घरच्या मलमाचा इतिहास कसा शोधावा?

प्रश्न
आमच्या आजोबांनी गिरगावातील चाळीतल्या बिऱ्हाडात पायांच्या भेगांवरचे आणि चिखल्यांवरचे मलम तयार करून विकायला सुरुवात केली. पुढे वडील आणि काका यांनी तो व्यवसाय सांभाळला. काकांच्या निधनानंतर तो बंद झाला. आता घरात काही पत्र्याच्या डब्या, लेबलांचा एक गठ्ठा आणि मोडीत लिहिलेली कृतीची वही एवढेच उरले आहे. लेबलावर ‘मुंबई ४’, ‘रजिस्टर्ड’ आणि ‘किंमत ६ आणे’ असे छापलेले आहे. कृतीत राळ, मेण, तिळाचे तेल, कोकमाचे तेल आणि सॅलिसिलिक ॲसिड आहे. व्यवसाय १९३० च्या आधीचा असल्याचे घरात सांगतात. हे कसे पडताळून पाहावे?

उत्तर १
लेबल हाच आपला सर्वांत भरवशाचा साक्षीदार आहे. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ रोजी आली, त्यामुळे आण्यांतील किंमत बहुधा त्यापूर्वीची आहे; मात्र छापून ठेवलेली लेबले संपेपर्यंत वापरण्याची रीत होती, हे विसरू नये. ‘मुंबई ४’ हा पिन कोडपूर्वीचा टपाल विभाग क्रमांक आहे; पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला, म्हणून हा पत्ता एकट्याने फारसे सांगत नाही. ‘रजिस्टर्ड’ या शब्दाबाबत अधिक सावध राहावे. व्यापारचिन्हांची नोंदणी १९४० च्या कायद्याने आली आणि प्रत्यक्षात १९४२ मध्ये सुरू झाली. त्याआधी काही व्यापारी आपल्या चिन्हाच्या मालकीचे जाहीरनामे दस्तनोंदणी कार्यालयात नोंदवून ठेवत. लेबलावर किंवा जुन्या कागदांत नोंदणी क्रमांक सापडला, तर अँटॉप हिल येथील व्यापारचिन्ह कार्यालयात चौकशी करता येईल. एवढ्यावरून १९३० चा दावा सिद्ध होत नाही, पण खोटाही ठरत नाही.

उत्तर २
मला कृतीच अधिक बोलकी वाटते. सुश्रुतसंहितेत भेगांना ‘पाददारी’ म्हटले आहे आणि तिच्या लेपात मेण व राळ (मधूच्छिष्ट आणि सर्जरस) येतात, म्हणजे आजोबांच्या मलमाचा कणा फार जुना आहे. कोकमाचे तेल मात्र कोकणातल्या घरांतून आलेले असावे. ते सामान्य तापमानाला घट्ट राहते आणि तिकडे भेगांवर आजही चोळतात. आपले मूळ गाव कोणते, हे अवश्य लिहावे. सॅलिसिलिक ॲसिड ही तिसरी, आधुनिक भर आहे. ते कडक त्वचा मऊ करून सोलवटते, म्हणून कुरुपावरच्या औषधांतही ते असते. वैद्यकी, घरगुती उपाय आणि औषधांच्या बाजारातील रसायन हे तिन्ही एका वहीत एकत्र येणे, हाच तुमच्या इतिहासाचा गाभा आहे असे मी मानतो. मोडी जाणणाऱ्या व्यक्तीकडून वहीचे लिप्यंतर आधी करून घ्यावे आणि वजने तोळ्यांत असतील तर ती तशीच ठेवावीत.

उत्तर ३
वरील दोन्ही उत्तरांशी सहमत आहे. पण कागदांकडे जाण्यापूर्वी माणसांकडे जावे. पायांच्या औषधांच्या जगात शोल यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. विल्यम शोल यांनी १९०४ मध्ये अमेरिकेत पायाच्या कमानीला आधार देणारे साधन काढले, १९६८ मध्ये त्यांचे निधन झाले आणि कुटुंबाने १९७९ मध्ये कंपनी विकली. तेथे पेटंट आणि करार यांचा माग राहिला. चाळीतील व्यवसायाचा तसा माग राहत नाही. मेण कोण वितळवत असे, डब्या कोण भरत असे, पावसाळ्यात चिखल्यांमुळे मागणी वाढली की रात्री कोण जागे, हे घरातल्या बायकांनाच ठाऊक असते आणि त्यांची नावे कोणत्याही लेबलावर नसतात. आत्या किंवा काकू असतील, तर त्यांच्या आठवणी याच महिन्यात ध्वनिमुद्रित कराव्यात. त्यांना विशेषतः हे विचारावे की माल प्रिन्सेस स्ट्रीटच्या घाऊक दुकानदारांकडे जात असे, की गिरणगावातल्या किरकोळ दुकानांत थेट पोहोचवला जाई. जाहिराती दिल्या असतील, तर दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयातील जुनी नियतकालिके चाळावीत. १९३० पूर्वीची एक जाहिरात मिळाली, तरी घरातल्या सांगण्याला छापील आधार मिळेल.