कुमार बर्वे यांची कारकीर्द

भारतीय वंशाची माणसे अमेरिकेतील राज्य विधिमंडळांत अलीकडेच दिसू लागली, असे म्हटले जाते. पण त्याबाबत कुमार बर्वे यांचे नाव आवर्जून सांगावेसे वाटते. स्थलांतरित मराठी घराण्यातले, न्यूयॉर्क राज्यात जन्मलेले बर्वे 1990 मध्येच मेरिलँड राज्याच्या कनिष्ठ सभागृहावर निवडून आले आणि राज्य विधिमंडळात पोहोचलेले पहिले भारतीय-अमेरिकन ठरले. तिथले अधिवेशन जानेवारीपासून जेमतेम 90 दिवसांचे असते. तेवढ्यात अर्थसंकल्पासह सगळी विधेयके मार्गी लावताना 141 सदस्यांच्या सभागृहात बहुमताचे नेतेपद दशकाहून अधिक काळ सांभाळणे मला फार मोलाचे वाटते. 2016 मध्ये काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय संसदेच्या, उमेदवारीसाठी पक्षांतर्गत निवडणुकीत ते हरले, तरी विधिमंडळातले काम त्यांनी पुढे 2023 पर्यंत चालू ठेवले.